वरवंट्यानं प्यायलेलं दूध

२१ सप्टेंबर १९९५ च्या पानावर माझ्या डायरीत एकच ओळ आहे. 'वरवंटाही दूध प्यायला. सगळे गप्प.' खाली दोन रेघा, इतक्या जोरानं मारलेल्या की मागच्या पानावर उमटल्यात.

घर आवरताना डायऱ्या सापडल्या. १९९३ पासूनच्या, अधूनमधून खंड पडलेल्या. वाचायला बसले ते आठवणींसाठी. पण लक्षात राहिलं ते हे, की मी सतत कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवत होते.

तो गुरुवार होता, पितृपक्षातला. दिल्लीत पहाटे गणपतीनं दूध प्यायल्याची बातमी फोनाफोनी होत आमच्या चाळीत, अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीत पोचली. नाक्यावरच्या डेअरीत दूध उरलं नाही. अण्णा स्टीलचं फुलपात्र आणि चमचा घेऊन देवळाच्या रांगेत दीड तास उभे राहिले. माणूस साताऱ्याकडचा, गळ्यात तुळशीची माळ, ८२ च्या संपात गिरणी सुटली आणि एमआयडीसीत वॉचमनकी करू लागला. परत आले तेव्हा डोळे भरून आले होते. "प्याला गं. माझ्या हातनं प्याला."

मी तेव्हा बीएस्सी करून नुकतीच शिकवायला लागले होते. फिजिक्स. मी गॅलरीत पाटा-वरवंटा आणून ठेवला. चमचा काठोकाठ भरला की दूध कडेच्या वर किंचित फुगून राहतं, पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. दगडाला टेकवलं की तोच ताण दूध दगडाकडे ओढतो आणि दुधाचा पातळ पापुद्रा दगडावरून खाली ओघळतो. ओल्या संगमरवरावर तो दिसत नाही. काळ्या वरवंट्यावर दिसतो, म्हणून तर मी वरवंटा घेतला. सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालून हेच दाखवलं. पण ते कुणा एकाच्या बापाकडे बघून बोलत नव्हते. मी बोलत होते. चाळीतली पंधरा-वीस माणसं उभी होती आणि मी प्रत्येक वाक्य अण्णांकडे बघून संपवत होते.

आईनं वरवंटा धुतला. त्या गुरुवारचं भजन आमच्या खोलीत ठरलं होतं, ते झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून मंडळ शेजारच्या चाळीत बसू लागलं. अण्णा टाळ घेऊन तिकडे जायचे आणि मी घरी अभ्यासाला शांतता मिळाली म्हणून खूश. महिन्याभरानं, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण आलं. २४ ऑक्टोबरचं पान म्हणतं, 'ग्रहणात चकली खाल्ली.' मुद्दाम गॅलरीत उभं राहून खाल्ली होती, हे लिहिलेलं नाही. ते मला आठवतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमचं समुद्राचं पाणी गोड झालं. हजारो माणसं ते पीत होती. पावसाळा, मिठी नदीचा लोंढा, खारं पाणी पातळ झालेलं. पालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती. चाळीतल्या एका म्हातारीनं बाटली भरून आणली. ती मी बेसिनमध्ये ओतली आणि वर जुलाबावर भाषण दिलं. मी बरोबर होते. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

या सगळ्या चमत्कारांत एक गंमत आहे. सगळे ओलेच. दूध, समुद्र, आणि मग २०१२ च्या मार्चमध्ये इर्ल्याच्या वेलंकणी मातेच्या चर्चमधला क्रूस, ज्याच्या पायातून पाणी ठिबकत होतं. विवेकवादी सनल इडमारुकू यांनी येऊन पाहिलं. जवळची मोरी तुंबली होती, पाणी केशाकर्षणानं भिंतीतून चढून क्रूसापर्यंत येत होतं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि पुढे ते फिनलंडला निघून गेले. मोरी दाखवणाऱ्या माणसाला देश सोडावा लागतो याचा मला संताप आला होता, अजून येतो.

पण त्याच आठवड्यात शाळेतली एक सहकारी मला इर्ल्याला घेऊन गेली होती. तिचा नवरा डायलिसिसवर होता. गर्दीत ती दहा मिनिटं डोळे मिटून उभी राहिली. मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच म्हणाली, "ओल आहे, मला कळतं. आमच्या बाथरूमची भिंत पण अशीच रडते. पण तिथे कोण नेऊन उभं करतं मला?" रिक्षात मी गप्प बसले. त्या दिवसाची नोंद डायरीत नाही. पान कोरं आहे, फक्त तारीख.

माझं मत तेव्हा बदललं असं कुणाला वाटेल. नाही. गणपती दूध प्यायला नव्हता आणि क्रूसाखाली मोरीचं पाणी होतं. बदल झाला तो दुसरीकडे, आणि फार सावकाश. वर्गात मी पृष्ठताण शिकवताना चमचा स्वतःच्या हातात ठेवणं सोडलं. मुलांच्या हातात देऊ लागले. एकदा पालकसभेत एका आजीच्या हातात दिला. तिनं तीनदा करून बघितलं, हसली, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तिची श्रद्धा कमी झाली का, मी विचारलं नाही.

२० ऑगस्ट २०१३. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. तोवर आम्ही बोरिवलीला देवीपाड्यात राहायला आलो होतो. अण्णा ऐंशीच्या घरात. पेपर त्यांनी दोनदा वाचला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी तो माणूस अनेक वर्षं खपला, त्याचा वटहुकूम चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला, याबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्या साताऱ्याचा डॉक्टर. देवाला कधी वाईट बोलला न्हाई." (२०२४ च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. तेव्हा अण्णा नव्हते.)

त्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. "तो दुधाचा प्रयोग येतो का अजून?"

वरवंटा ओट्याखाली होता, मिक्सर आल्यापासून पडून. मी तो पुसला, टेबलावर उभा केला. चमचा त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, पहिल्यांदा सगळं सांडलं. दुसऱ्यांदा जमलं. ते वाकून, चष्मा नाकावर सरकवून, दगडावरून ओघळणारी पांढरी रेघ खालपर्यंत बघत राहिले. मला अठरा वर्षांचं काहीबाही सुचत होतं, एकही वाक्य जुळेना.

"तवा चष्मा न्हवता माझ्याकडं," अण्णा म्हणाले.

मग वरवंटा त्यांनीच नळाखाली धुतला, आणि फुलपात्रात उरलेलं दूध चहात ओतलं.