मॅगेलन घरी परतला कधी?

‘पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कुणी केली?’ मुलांचा अभ्यास घेताना आपण सगळ्याजणी पटकन सांगून मोकळ्या होतो, ‘मॅगेलनने!’ मीही वर्गात कित्येक वर्षं हेच सांगत आले. एके दिवशी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग तो घरी परतला कधी?’ मला उत्तर येईना. घरी येऊन स्वयंपाक उरकला आणि पुस्तकं नि नकाशा घेऊन बसले. बोट थांबलं ते फिलिपाइन्समधल्या सेबू शहरावर.

सेबू हे लांबट, चिंचोळं बेट. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हे शहर. पाठीशी डोंगर आणि समोर मॅक्तान बेटाची आडभिंत. त्यामुळे बंदर सुरक्षित. १५२१ साली मॅगेलन इथंच आला. राजा हुमाबोन ख्रिस्ती झाला; राणीला मॅगेलननं बाळयेशूची मूर्ती भेट दिली. ती मूर्ती इथल्या मोठ्या चर्चमध्ये आजही जपलेली आहे. शेजारच्या मंडपात मॅगेलनने रोवलेला म्हणतात तो क्रूस आहे. भाविक त्याचे तुकडे काढून नेऊ लागले, म्हणून त्याला दुसऱ्या लाकडाचं कवच घातलंय. आपल्याकडच्यासारखंच, नाही का? बंदराजवळ पुढं स्पॅनिशांनी बांधलेला सान पेद्रो किल्लाही आहे, चक्क त्रिकोणी!

मॅक्तानचा प्रमुख लापूलापू मात्र नमला नाही. मॅगेलन त्याच्यावर चालून गेला. पण तिथला किनारा पडला उथळ. जहाजं नि तोफा लांबच राहिल्या, माणसांना पाणी तुडवत जावं लागलं. २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलन तिथंच मारला गेला. घरी तो परतलाच नाही! प्रदक्षिणा पुरी केली एल्कानोनं, १५२२ मध्ये. ‘व्हिक्टोरिया’ जहाजातून स्पेनला पोचले अवघे १८ जण.

आज सेबूच्या बाजूने मॅक्तानला जायला तीन पूल आहेत; पहिला १९७२ सालचा, तिसरा २०२२ चा. आणि गंमत पाहा, मॅक्तानवर एकाच बागेत मॅगेलनचा स्तंभही आहे आणि लापूलापूचा पुतळाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, ‘मुलींनो, बाई चुकल्या होत्या.’ सांगताना जीभ जरा अडखळली, खोटं कशाला बोलू? पण ती प्रश्न विचारणारी पोर असा चेहरा करून हसली की सगळं भरून पावलं. तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी मुलांना घेऊन नकाशावर सेबू शोधाच.