बदली कुणी मागितली?

सीपी-बेरार सर्किटमधल्या सिनेमा वितरकांचं अमरावती हे जुनं ठाणं. तरीही व्हॅलेरी दोन्झेलीचा २०२३चा फ्रेंच सिनेमा ‘लामूर ए ले फोरे’ इथल्या पडद्यावर लागेल, अशी आशा कुणी धरू नये. तो आता डिस्कवर मिळतो, एवढं पुरे. १०५ मिनिटांचा हा सिनेमा पाहताना मला त्यातल्या मेत्स शहरापेक्षा आपला अकोला-खामगाव रस्ताच जास्त आठवत राहिला.

ब्लांश शाळेत शिकवते. एका पार्टीत तिला ग्रेग्वार लामुरू भेटतो. या आडनावाचा उच्चार फ्रेंचमध्ये ‘प्रियकर’ या शब्दासारखाच होतो! लग्न होतं. मग ‘बँकेनं बदली केली’ असं सांगून तो तिला नॉर्मंडीच्या समुद्रकाठावरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेत्सला नेतो. आई आणि जुळी बहीण रोझ मागे राहतात. (व्हिर्जिनी एफिराने दोघी बहिणी साकारल्या आहेत.) पुढे कळतं की बदली बँकेनं केलीच नव्हती, त्यानं स्वतः मागून घेतली होती. नंतर सुरू होतात हिशेब. कुठं होतीस, उशीर का झाला, फोन का नाही उचललास. हात उगारला जातो तो फार नंतर. तोवर ती पुरती अडकलेली असते.

माझं मन अडकलं ते त्या बदलीपाशी. बायकोला तिच्या माणसांपासून तोडायला ग्रेग्वारला अर्ज करावा लागला, खोटं बोलावं लागलं. आपल्याकडे ते काम वरात करते, तेही वाजतगाजत. माहेर लांब, पगार घरच्यांच्या हाती, मोबाइलचा पासवर्ड नवऱ्याला पाठ. यातलं काहीच कुणाला खटकत नाही. उलट शेजारीण कौतुकानं सांगते, ‘‘जावईबापू लय जीव लावते, दिवसातून धा खेपा फोन करते.’’ त्या दहा फोनांमध्ये जीव किती आणि पहारा किती, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

सवय नाही, पण परंपरा आहे, आणि ती वऱ्हाडातलीच आहे. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२मध्ये पुण्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्याचं. तिला गर्भ राहिला, मूल मारल्याचा आरोप झाला आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या बाईजातीलाच कपटी ठरवलं. ताराबाईंनी दयेची याचना केली नाही. बायकांवर लादलेले दुर्गुण एकेक करून उचलले आणि पुरुषांसमोर आरसा धरावा तसे धरले. कपट कुणाचं? मोहात कोण पाडतं, आणि नंतर नामानिराळं कोण राहतं? नवऱ्याला देव म्हणायचं, तर त्याचं वागणं देवासारखं आहे का?

ग्रेग्वारची सगळी कला यातच आहे. छळायचं त्यानं आणि क्षमा मागायची तिनं. ताराबाईंनी हा डाव पुरता ओळखला होता. बाईला दोषी ठरवलं की ती आपणच आपला पहारा करू लागते. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र ते पुस्तक विस्मृतीत गेलं. अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये ते पुन्हा छापलं. फ्रेंच सिनेमाला उठून टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी बुलडाण्याच्या या बाईला नमस्कार करावा, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे.

कायद्याच्या बाबतीतही आपण मागे नाही, निदान कागदावर तरी. जोडीदाराच्या मानसिक छळाला फ्रान्सनं २०१०मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरवलं. आपला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्याच्या कलम ३मध्ये मारहाणीच्या जोडीला शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही आहे. पैसे अडवणं, स्त्रीधन परस्पर विकणं, मूल नाही म्हणून टोमणे मारणं, सगळं त्यात बसतं. अंगावर वळ दाखवावे लागत नाहीत. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही तो म्हणतो. पण कोर्टाची पायरी चढून वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या बाईला हे साठ दिवस ऐकवून पाहा!

ब्लांश आपली सगळी कथा एका वकीलबाईंना सांगते. त्या मध्ये तोडत नाहीत. आपल्याकडे मुलगी दिवाळीला आली की ‘‘काई कमी त नाई ना?’’ विचारतात, आणि ती ‘‘नाई’’ म्हणते. कमी नसतंच. घर असतं, गाडी असते, फ्रीज भरलेला असतो. या दिवाळीला प्रश्न बदलून पाहा. तुझं एटीएम कार्ड कुणापाशी असतं, एवढंच विचारा. आणि ती उत्तर देईपर्यंत थांबा.