हवेत आल्यावर निळा होणारा रंग : जपानची ‘आइझोमे’ कला

चित्रकलेच्या तासाला मुलं हमखास विचारतात, “बाई, रंग कशापासून बनतो?” अशा वेळी त्यांना सांगता येईल अशी ही माहिती.

नीळ म्हटलं की आपल्याला चंपारण्य आठवतं. जपानी नीळ मात्र वेगळ्या झाडाची. शिकोकू बेटावरील तोकुशिमा भाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. या नीळीने कापड रंगवण्याला ‘आइझोमे’ म्हणतात.

रंग कसा तयार होतो?

झाडाची वाळलेली पानं पाणी शिंपडून, पुन्हा पुन्हा उलथून सुमारे 100 दिवस कुजवतात. त्यातून ‘सुकुमो’ मिळतो. मग मोठ्या पिंपात सुकुमो, लाकडाच्या राखेचं पाणी, चुना आणि गव्हाचा कोंडा घालून आंबवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपातले जिवाणू तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात. कोंडा हे त्यांचं खाणं! रंगारी रोज पिंप ढवळतो, वास घेतो, फेस पाहतो. दुर्लक्ष झालं तर रंग चढत नाही.

गंमत पुढेच आहे. पिंपातून काढलेलं कापड हिरवट-पिवळं दिसतं. हवेतला ऑक्सिजन लागला की डोळ्यांदेखत निळं होतं! गडद रंगासाठी ते अनेकदा बुडवावं लागतं.

आजचे कलाकार

1897 मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि ही मेहनत मागे पडली. तरी काहींनी ती सोडली नाही. हिरोयुकी शिंदो यांनी निळ्याच्या उतरत्या छटांची मोठी वस्त्रचित्रं केली आणि क्योतोजवळच्या मियामा गावी आपल्या घरात नीळीचं छोटं संग्रहालय उभारलं. अमेरिकन कलाकार रोलँड रिकेट्स तोकुशिमात ही विद्या शिकले. त्यांनी रंगवलेली कापडं अनेकांच्या घरी काही महिने ठेवली आणि उजेडाने रंग कसा उतरला, त्यातूनच कलाकृती घडवली.

शेवटी आपल्यासाठी एक गोष्ट. निळा रंग नीळीच्या झाडातून निघतो, पण झाडाहून निळा असतो, अशा अर्थाची म्हण जपानमध्ये आहे. गुरूच्या पुढे गेलेल्या शिष्याबद्दल ती वापरतात. आपल्या वर्गातही काही मुलं अजून ‘हिरवट-पिवळी’ दिसतात ना? त्यांना पिंपातून बाहेर, मोकळ्या हवेत यायला थोडा वेळ देऊया.