बेसाल्टखालचं चित्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमिनीला हादरा द्यायचा, थरांवर आपटून परतलेल्या लहरी जिओफोनवर टिपायच्या आणि खालच्या खडकांचं चित्र काढायचं, हे भूकंपीय सर्वेक्षण. त्याच्या बारकाव्याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : हा जमिनीचा एक्स-रेच.
नाही. लहर कधी आणि कशी परतली ते जिओफोन नोंदतो, खोली नाही. खोली काढायला खडकातला वेग लागतो आणि तो अंदाजाने धरावा लागतो. वेग चुकला की थर भलत्याच जागी दिसतो.

गैरसमज : जिओफोन वाढवले की पातळ थरही दिसतात.
दाट जिओफोनांनी गोंगाट घटतो, आडवा तपशील सुधारतो. उभ्या दिशेला मात्र तरंगलांबीचं राज्य. तिच्या चौथ्या हिश्श्याहून पातळ थराचा माथा आणि तळ सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. वेग सेकंदाला 3000 मीटर आणि वारंवारता 30 हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी 100 मीटर आणि मर्यादा 25 मीटर.

गैरसमज : मग वारंवारता वाढवावी.
उथळ कामात जरूर वाढवावी. खोलवर मात्र उच्च वारंवारताच आधी विरते आणि आपल्या दक्खनमध्ये तर फारच लवकर. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा : घट्ट काळा पाषाण, वर भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. अशा प्रत्येक सीमेवर लहर थोडी परतते, थोडी विखुरते. म्हणून बेसाल्टखाली पाहायचं तर कमी वारंवारता आणि हादऱ्यापासून लांबवर मांडलेले जिओफोन लागतात. चित्र धूसर येतं, पण निदान येतं.

गैरसमज : उरलेलं संगणक निस्तरतो.
‘फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जन’ पूर्ण लहर वापरून वेगाचा नकाशा पुन्हा पुन्हा दुरुस्त करतं. पद्धत जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण कमी वारंवारता नोंदलेलीच नसेल आणि सुरुवातीचा अंदाज फसलेला असेल, तर ती चुकीचंच चित्र सुबक करून देते. सुबकपणाला भुलू नये.

शेवटी पडताळा विंधनविवराचाच. किल्लारीत 1993च्या भूकंपानंतर विवर घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली, पायाच्या खडकाआधी, गाळाचा थर. त्याची जाडी होती जेमतेम 8 मीटर. वरच्या 25 मीटरच्या हिशेबात तो वेगळा दिसलाच नसता.