पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, आत्मसंरक्षणार्थ

एका हाताने धरून झाडता येणाऱ्या आखूड नळीच्या अग्निशस्त्रास हस्तशस्त्र म्हणतात. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल हे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. स्वसंरक्षणासाठी एकच हस्तशस्त्र घेणाऱ्या नागरिकाच्या त्यापासून दोन अपेक्षा असतात आणि त्या परस्परविरोधी असतात. अंगावर कपड्यांखाली बाळगण्यासाठी शस्त्र लहान, हलके व चपटे असावे लागते. घरात रात्रीच्या वेळी वापरण्यासाठी ते हातात भक्कम बसणारे, काहीसे जड व लांब नळीचे असलेले बरे. एकाच शस्त्राकडून ही दोन्ही कामे करून घ्यावयाची म्हणजे तडजोड अपरिहार्य ठरते. भारतात या तडजोडीची मर्यादा प्रथम कायदा आखून देतो; त्यानंतर शस्त्राची रचना आणि शेवटी धारकाचा सराव व त्याचे घर यांचा विचार येतो.

कायदेशीर चौकट : ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाची जागा स्वातंत्र्योत्तर काळात शस्त्र अधिनियम, १९५९ याने घेतली. १९६२ च्या नियमांऐवजी सध्या शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. अग्निशस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. ती परवान्याने मिळणारी सवलत आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलिसांच्या चौकशी अहवालानंतर आणि सबळ कारण पटल्यानंतरच परवाना दिला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. समारंभप्रसंगी निष्काळजीपणे हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला.

सैन्य व पोलीस दलांत वापरात असलेली किंवा पूर्वी असलेली ९ मिमी., ०·३८ व ०·४५ बोअरची हस्तशस्त्रे ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात मोडतात व ती सामान्य नागरिकास मिळत नाहीत. त्याच्यासाठी व्यवहारात ०·३२ व ०·२२ बोअरची शस्त्रे उरतात. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठीची आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे जुनी परदेशी शस्त्रे दुर्मिळ व महाग झाली. त्यामुळे परदेशांतील पुस्तकांत ज्या अनेक बोअरांची तुलना आढळते, तिचा येथील ग्राहकास फारसा उपयोग होत नाही.

परवान्याचे कार्यक्षेत्र : पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त व इतरत्र जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरणाचा परिसर हे याचे बोलके उदाहरण होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या या धरणाचे पाणी ज्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांना मिळते, ती शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. धरणालगतची गावे व मुरबाडकडील भाग मात्र ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आहेत. काही किलोमीटर अंतरावर राहणाऱ्या दोन अर्जदारांना त्यामुळे दोन निराळ्या कार्यालयांत अर्ज करावे लागतात. त्यांच्या गरजाही भिन्न असतात. उल्हासनगरच्या दाट वस्तीत घरे भिंतीला भिंत लागून उभी आहेत, तर धरणाच्या बाजूस शेतघरे एकाकी असून मदत पोहोचण्यास वेळ लागतो. शहरातील दुकानदार शस्त्र प्रामुख्याने प्रवासात जवळ बाळगू इच्छितो, तर शेतघरातील रहिवासी ते घरात ठेवू इच्छितो.

परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता अथवा संपूर्ण देशासाठी असू शकतो. तो मिळाल्याने शस्त्र कोठेही नेता येते असे नाही. विशेष अनुमतीशिवाय ते जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा किंवा शैक्षणिक संस्थेचे आवार येथे नेता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी हस्तशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात आणि धारकाच्या पूर्ण ताब्यात असावे लागते. ते परजणे निषिद्ध आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकास शस्त्र जमा करावे लागते. धारक मरण पावल्यास त्याच्या वारसांना ते स्वतःजवळ ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करावे लागते.

प्रकार व रचना : रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते दंडगोल असून त्यातील सहा किंवा कमीअधिक कोठ्यांत एकेक काडतूस बसते. चाप ओढला की दंडगोल फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन संशोधकाने १८३६ मध्ये या रचनेचे अमेरिकन एकस्व मिळविले. स्वयंभरित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझीनमध्ये एकावर एक बसविलेली असतात. गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या ऊर्जेने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस कोठीत शिरते.

दोन्ही प्रकारांना ०·३२ बोअर असेच म्हटले जात असले, तरी त्यांची काडतुसे भिन्न असून एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८९६ च्या सुमारास प्रचारात आणले. पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग याने १८९९ मध्ये तयार केले. दोहोंच्या गोळीचा व्यास सु. ७·९ मिमी. असून नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारणतः १५० ते १८० जूल असते. ९ मिमी. पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा सु. ५०० जूल असते. या तुलनेत ०·३२ बोअर दुर्बळ ठरतो. मात्र त्याचा हाताला बसणारा धक्का सौम्य असल्याने अननुभवी व्यक्तीसही नेम राखणे सोपे जाते. ०·२२ बोअरचा धक्का त्याहून कमी असतो; तथापि त्याची ऊर्जाही कमी असून, त्याच्या काडतुसात प्रज्वलक द्रव्य कडेच्या घडीत असल्यामुळे ते न पेटण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते.

भारतीय बनावटी : कानपूर येथील शासकीय कारखान्यांनी ०·३२ बोअरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ बनविले. त्याची रचना ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवर आधारलेली असून काडतुसे भरण्यासाठी ते मधोमध मोडून उघडावे लागते. २०१४ मध्ये कानपूरहून टायटॅनियम मिश्रधातूचे सु. ५०० ग्रॅ. वजनाचे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर स्त्रियांच्या संरक्षणाचे शस्त्र म्हणून त्याची जाहिरात झाली. तथापि एक लाख रुपयांहून अधिक किंमत व परवान्याची अट यांमुळे ते सामान्य स्त्रीच्या आवाक्याबाहेरच राहिले. इशापूर येथील कारखान्याने ०·२२ बोअरचे सु. २५० ग्रॅ. वजनाचे ‘निडर’ बनविले. ‘अशनी’ हे ०·३२ बोअरचे शासकीय बनावटीचे पिस्तूल होय. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे दंडगोल बाजूस उघडते. अंबरनाथ येथील आयुध निर्माणी या विभाजनानंतर यंत्र इंडिया या कंपनीत समाविष्ट झाली. ती लोहेतर धातूंच्या कामासाठी प्रसिद्ध असून नागरी हस्तशस्त्रे तेथे बनत नाहीत.

निवडीचे निकष : पहिला निकष विश्वसनीयतेचा. रिव्हॉल्व्हरमधील एखादे काडतूस पेटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात हाच दोष दूर करण्यासाठी सरकता भाग हाताने ओढावा लागतो आणि घाबरलेल्या अवस्थेत सराव नसलेल्या व्यक्तीस ते साधत नाही. दुसरा निकष शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे ओळखण्याचा. रिव्हॉल्व्हरचे दंडगोल उघडताच सर्व कोठ्या दिसतात. पिस्तुलाचे मॅगझीन काढल्यानंतरही एक काडतूस कोठीत राहू शकते. रिकामे समजून हाताळलेल्या पिस्तुलातून होणाऱ्या अपघातांचे हे एक प्रमुख कारण आहे. तिसरा निकष आकाराचा. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली सहज लपते. दंडगोलामुळे रिव्हॉल्व्हर मध्यभागी फुगीर असते.

चौथा निकष पडल्यावर गोळी न सुटण्याचा. जुन्या रिव्हॉल्व्हरांपैकी काहींत घोडा व काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. त्यामुळे शस्त्र घोड्यावर पडल्यास गोळी सुटू शकते. नव्या रचनांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय आघात काडतुसापर्यंत पोहोचत नाही. वापरलेले शस्त्र घेताना हा अडसर आहे किंवा नाही व तो शाबूत आहे का, हे जाणकाराकडून तपासून घेणे अत्यावश्यक असते.

हे निकष एकत्र पाहिल्यास, नियमित सराव न करणाऱ्या व एकच शस्त्र ठेवू इच्छिणाऱ्या व्यक्तीस अंतर्गत अडसर असलेले, सु. ७५ मिमी. नळीचे व मध्यम वजनाचे ०·३२ बोअर रिव्हॉल्व्हर अधिक सोयीचे ठरते. अगदी हलके रिव्हॉल्व्हर बाळगण्यास सोपे, पण अचूक झाडण्यास अवघड असते. जो नियमितपणे सराव करतो व शस्त्र मुख्यतः अंगावर बाळगतो, त्याने पिस्तूल निवडणे सयुक्तिक होय. मूठ हातात न बसणारे किंवा चाप ओढण्यास बोटाची ताकद अपुरी पडणारे शस्त्र इतर गुण असूनही त्याज्य समजावे.

घरातील साठवण : घरातील शस्त्राबाबत खरा पेच निवडीनंतर सुरू होतो. तत्काळ हाती यावे म्हणून ते भरून उशाशी ठेवले, तर ते मुलांच्या, नोकरांच्या किंवा चोराच्याही हाती लागू शकते. कुलपात ठेवले, तर संकटसमयी वेळ जातो. शस्त्र रिकामे करून कुलपात व काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे हा सर्वमान्य सुरक्षित मार्ग आहे. दाट वस्तीत आणखी एक धोका संभवतो. चुकलेली गोळी पत्रा किंवा लाकडी फळ्यांची भिंत भेदून शेजारच्या घरात जाऊ शकते.

२०२४ या एकाच वर्षातील मुंबई–ठाणे परिसरातील तीन घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. २ फेब्रुवारी रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात जमिनीच्या वादातून गोळीबार झाला आणि त्या आरोपावरून एका तत्कालीन आमदारास अटक झाली. ८ फेब्रुवारी रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पोलीस तपासानुसार त्यात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील होते. १ ऑक्टोबर रोजी चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले आणि गोळी सुटून ते पायाला जखमी झाले. पहिल्या घटनेत क्रोध, दुसरीत शस्त्राचा सुटलेला ताबा व तिसरीत हाताळणीतील अपघात दिसतो. संरक्षणाचा हेतू तिन्हींपैकी एकीतही साधला गेला नाही.

वापराची मर्यादा : खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असल्यास, तसेच जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचू शकतो. तथापि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क उपलब्ध नसतो. पळून जाणाऱ्या चोरावर पाठीमागून गोळी झाडणाऱ्यास सामान्यतः त्याचा आधार मिळत नाही. गोळी झाडण्याची गरज होती, हे धारकाला पुढे न्यायालयात पटवून द्यावे लागते.

म्हणून हस्तशस्त्र हे घराच्या संरक्षणव्यवस्थेतील अखेरचे साधन मानले जाते. भक्कम दार, उजेड, शेजाऱ्यांशी संपर्क व दूरध्वनी यांचे स्थान त्याच्या आधीचे आहे. ही पूर्वतयारी असताना, सराव करण्याची व शस्त्र कुलपात ठेवण्याची शिस्त अंगी असेल, तरच बोअर, वजन व नळीची लांबी यांच्या निवडीला अर्थ उरतो.