समुद्रतळाच्या सफरीचे सामान : निवड आणि बांधाबांध

काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे गाव सिंगरेनी कोळसाक्षेत्रात मोडते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यात समाविष्ट झाले आहे. तेथून राज्याची सीमा ओलांडली की राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर हा आपल्याकडील कोळशाचा मुलूख लागतो. या भागाला समुद्र नाही. तथापि समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या मनुष्याला जे साधन जिवंत ठेवते, त्याच्या जातकुळीचे साधन येथील खाणकामगाराच्या परिचयाचे आहे. स्फोट झाल्यावर विषारी वायूने भरलेल्या बोगद्यात शिरणारे बचाव पथक आपला श्वास पाठीवर बांधूनच आत जाते.

हे दोन्ही वापर एकाच साधनापासून सुरू झाले. व्यापारी जहाजावर नोकरी केलेल्या हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थाने 1878 च्या सुमारास एक श्वसनयंत्र तयार केले. त्यात तांब्याच्या टाकीत प्राणवायू साठविलेला असे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषला जाई. 1880 मध्ये सेव्हर्न नदीखालच्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यात लँबर्ट नावाचा पाणबुड्या हे यंत्र लावून गेला. नेहमीच्या पोशाखाची हवेची लांब नळी ओढत पुढे जाणे त्याला अशक्य झाले होते. त्याच वर्षी सीहॅम येथील कोळसा खाणीत स्फोट झाला व तेथेही हेच यंत्र वापरण्यात आले. पुढे या दोन वाटा वेगळ्या झाल्या. शुद्ध प्राणवायू पाण्याखाली सुमारे 6 मीटरहून खोल घेतल्यास झटके येण्याचा धोका असतो. त्यामुळे बंद चक्राचे प्राणवायू यंत्र खाणीत टिकले, तर हौशी पाणबुड्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या साध्या हवेचे नळकांडे आले. 1943 मध्ये फ्रान्समधील कुस्तो व गान्यां यांनी, श्वास घेताना लागेल तेवढीच हवा व तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाने देणारा रेग्युलेटर सिद्ध केला. आज मालवणच्या बोटीवर दिसणारे साधन तत्त्वतः तेच होय.

अलीकडे विदर्भातून व सीमेपलीकडील मराठी वस्त्यांतून मालवण-तारकर्लीस जाणाऱ्या कुटुंबांत पाण्याखाली उतरू इच्छिणारे तरुण बरेच असतात. बेल्लमपल्लीस खरे तर बंगालचा उपसागर जवळचा. परंतु आपल्या लोकांची पावले कोकणाकडे वळतात. यांतील बहुतेकजण शिक्षकाचा हात धरून एकदाच डुबकी घेतात. त्यांनी पोहण्याचे कपडे, टॉवेल व प्रकृतीविषयी खरी माहिती एवढे बरोबर नेले म्हणजे पुरे. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे किंवा नुकतीच झालेली सर्दी लपवून ठेवू नये. पुढील विवेचन रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविलेल्या व दोन-चार दिवस बोटीने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहे. अशा वाचकांपुढे पहिला प्रश्न खर्चाचा असतो. कोणते साधन विकत घ्यावे आणि कोणते भाड्याने?

या प्रश्नाचे उत्तर खाणीच्या तोंडाशी मिळते. कामगार आपले बूट स्वतःच्या पायाच्या मापाचे घालतो. मात्र टोपीवरचा दिवा आणि कमरेचा सेल्फ रेस्क्युअर तो लॅम्प रूममधून घेतो व पाळी संपली की परत करतो. त्यांची तपासणी व दुरुस्ती करणारी माणसे वेगळी असतात. पाणबुड्यानेही हाच विभाग करावा. जे अंगाला नेमके बसले पाहिजे ते स्वतःचे असावे. ज्याला नियमित चाचणी, भरणा व देखभाल लागते ते जबाबदार केंद्राकडून घ्यावे, परंतु घेताना स्वतः पारखून घ्यावे. हौसेपोटी बरेचजण याच्या उलट करतात. चकचकीत महागडा रेग्युलेटर विकत घेतात आणि मुखवटा मात्र बोटीवरच्या टोपलीतून हाताला येईल तो उचलतात.

खरेदीत पहिला मान मुखवट्याचा. पोहण्याचा साधा चष्मा येथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. खोल जाताना मुखवट्यातील हवा आकसते व तो चेहऱ्यावर आवळला जातो. अशा वेळी नाकातून थोडी हवा आत सोडून दाब सारखा करावा लागतो. दुकानात मुखवटा पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा व हात सोडावेत. तो पडला नाही तर तो आपला. किंमत व रंग यांचा विचार त्यानंतर करावा. दाट मिशा असणाऱ्यांच्या मुखवट्यात ओठावरून पाणी झिरपते. त्यांनी कड अधिक मऊ असलेला नमुना पाहावा, किंवा मिशांना कात्री लावावी. चष्मा वापरणाऱ्यांना नंबराच्या काचा बसविता येणारे मुखवटे मिळतात. नव्या काचेवर कारखान्यातील तेलकट थर असतो. तो दंतमंजनाच्या पेस्टने दोन-तीन वेळा घासून काढला नाही तर पाण्याखाली धुक्याशिवाय काही दिसत नाही.

पायांत घालावयाचे पंख दोन प्रकारचे असतात. पूर्ण पाऊल झाकणारे हलके व स्वस्त असतात. टाच उघडी असलेल्यांना आत रबरी बूट लागतात. तापलेल्या फळीवरून व कालवांनी भरलेल्या खडकांवरून चालावयाचे असल्याने कोकणात दुसरा प्रकार अधिक सोयीचा, असे आमचे मत आहे. अंगावरच्या रबरी पोशाखाबाबत पुष्कळांना वाटते की उष्ण समुद्रात त्याची गरज नाही. परंतु पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते. दुसऱ्या-तिसऱ्या डुबकीला दात वाजू लागतात आणि कुडकुडणारा मनुष्य हवा अधिक खर्च करतो. तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख आपल्या किनाऱ्यास पुरतो. जेलीफिशच्या डंखापासून व खरचटण्यापासूनही तो वाचवितो. हातमोजे मात्र टाळलेले बरे. हात झाकले की प्रवाळ धरण्याचा मोह होतो, आणि मालवणचा सागरी परिसर 1987 पासून अभयारण्य आहे.

आता भाड्याच्या साधनांकडे वळू. सर्वसाधारण ॲल्युमिनियमचे नळकांडे सुमारे 11 लिटरचे असते. त्यात वातावरणाच्या 200 पट दाबाने हवा भरली म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा बरोबर येते. शांतपणे श्वास घेणारा मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेतो असे धरू. दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणून तोच मनुष्य 10 मीटरवर 40 लिटर आणि 20 मीटरवर 60 लिटर हवा खर्च करतो. नळकांड्यात 50 चा दाब, म्हणजे 550 लिटर, राखीव ठेवावयाचे असल्याने हाती 1650 लिटर उरतात. ही हवा 10 मीटरवर 41 मिनिटे पुरते. 20 मीटरवर 27 मिनिटांतच संपते. हा हिशेब बोटीवर बसण्यापूर्वी ज्याने तोंडी करून पाहिला नाही, त्याच्या दाबमापकाचा काटा त्याला पाण्याखाली अचानक दचकवितो.

हवेचे प्रमाण जितके महत्त्वाचे तितकीच तिची शुद्धता. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. स्फोटानंतर तो किती माणसे गिळतो हे कोळसा खाणींना सांगावयास नको. हवा भरण्याच्या यंत्राची शोषणनळी डिझेल इंजिनाच्या धुराड्याजवळ असेल, तर हाच वायू नळकांड्यात शिरतो, आणि खोलीवरील दाबाने त्याचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. म्हणून केंद्रावर गेल्यावर हे यंत्र कोठे आहे ते एकदा पाहून यावे. नळकांड्यातील थोडी हवा सोडून हुंगावी. तेलाचा किंवा धुराचा वास आल्यास ते निमूट परत करावे. भिडेखातर श्वास घेऊ नये. नळकांड्याच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते, तीही वाचावी.

रेग्युलेटर घेताना प्रथम नळकांडे न जोडता तोंडात धरून श्वास ओढावा. त्याच्या तोंडावरचे झाकण बसविलेले असताना हवा येता कामा नये. आली तर पडदा फाटला आहे असे समजावे. नंतर जोडून, दाबमापकाकडे पाहत चार-पाच श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली झुकत असेल तर नळकांड्याची तोटी पुरती उघडलेली नाही. स्वतःचा रेग्युलेटर नेणाऱ्यांनी तो शिकंजाच्या जोडणीचा आहे की आट्यांच्या, हे केंद्राला आधीच कळवावे; जोडणी न जुळल्याने एवढ्या लांब येऊन किनाऱ्यावर बसून राहावे लागते. फुगविता येणारे जाकीट फुगवून दहा मिनिटे बाजूस ठेवावे. ते मऊ पडले तर दुसरे मागावे. शिशाची वजने घरून नेण्याचा विचारही करू नये. ती बोटीवर मिळतात. भरलेले नळकांडे रेल्वेने किंवा विमानाने नेता येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मनगटावरील खोलीमापक संगणक ऐपत असल्यास स्वतःचा घ्यावा. शरीरात किती नायट्रोजन विरघळला याचा अंदाज तो डुबकीमागून डुबकी ठेवतो. सकाळी एकाच्या व दुपारी दुसऱ्याच्या हाती दिला तर तो दोघांनाही खोटे सांगेल.

सामान बांधण्याची रीत बोटीच्या आकारावरून ठरते. मालवणच्या होड्या लहान असतात. त्यांवर कडक सुटकेसला जागा नसते. जाळीची एक पिशवी व पाणी न शिरणारी एक लहान थैली, एवढ्यावर भागवावे. जाळीच्या पिशवीत जे शेवटी घालावयाचे ते तळाशी व जे प्रथम लागते ते वर, असा क्रम ठेवावा. म्हणजे पायांचे पंख खाली, त्यांच्या मध्ये डबीत मुखवटा, वर बूट आणि सर्वांत वर पोशाख. असे केले तर डोलणाऱ्या बोटीत सर्व सामान फळीवर पसरावे लागत नाही. मुखवटा फळीवर कधीही ठेवू नये. त्याच्यावर कोणाचे तरी नळकांडे आडवे होतेच. नळकांडे स्वतःही उभे करून सोडू नये, आडवे तरी ठेवावे किंवा बांधावे.

कोरड्या थैलीत प्रमाणपत्र, नोंदवही, औषधे, पिण्याचे पाणी व अंग झाकणारे कोरडे वस्त्र असावे. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. उमासे सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. मुखवट्याचा जादा पट्टा, पंखांचा जादा पट्टा आणि रबरी कड्यांची पुडी यांचे वजन काहीच नसते. परंतु रुपया-दोन रुपयांचे रबरी कडे तुटल्याने संपूर्ण दिवस वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. शिट्टी व फुगवून उंच करता येणारी रंगीत नळी जाकिटाच्या खिशात असावी. लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर मीटरवरूनही बोटीला दिसत नाही. जाळी कापण्याची लहान कातरही हवी, कारण हा मच्छीमारीचा किनारा आहे आणि तुटलेली नायलॉनची जाळी खडकांना लटकलेली असतात.

आंग्रिया बँकेकडे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेला हा बुडालेला प्रवाळ-उंचवटा विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर आहे. तेथे मुक्कामाच्या बोटीनेच जावे लागते आणि विसरलेली वस्तू आणावयास परतता येत नाही. अशा सफरीत दुसरा मुखवटा बरोबर घ्यावा. बोटीवर प्रथमोपचारासाठी शुद्ध प्राणवायूचे नळकांडे व ते वापरू जाणणारा मनुष्य आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. पाण्यात उतरताना व परत चढल्यावर नाव घेऊन हजेरी होते काय, हेही विचारावे. खाणीत पाळीच्या शेवटी फलकावर एक बिल्ला कमी भरला, तर सर्व काम थांबते. बोटीचे इंजिन सुरू करण्यापूर्वीचा नियम याहून सैल असू नये.

परतीचा विचार बांधाबांधीतच करावा लागतो. डुबकीनंतर शरीरात उरलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो. म्हणून एका डुबकीनंतर किमान 12 तास, व अनेक दिवस डुबक्या घेतल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. विमानाचे सर्वांच्या लक्षात राहते, घाटाचे राहत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. दुपारी पाण्याबाहेर येऊन संध्याकाळीच मोटारीने घाट चढणारा मनुष्य हाच धोका पत्करतो. शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी राखून ठेवावा व दुसऱ्या दिवशी निघावे. त्या मोकळ्या दिवसात सर्व साधने गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळतात. रेग्युलेटरचे झाकण घट्ट बसवूनच तो धुवावा आणि पाण्यात असताना त्याची कळ दाबू नये, नाहीतर पाणी आत शिरते. ओला पोशाख पिशवीत कोंबून दोन दिवसांचा रेल्वे प्रवास केल्यास घरी पोहोचेपर्यंत त्याला येणारी दुर्गंधी डब्यातील सहप्रवाशांनाही भोगावी लागते.