मणी, पोत आणि पटवेकरी

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला करंजी मागे पडली की तिसगाव येतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांचं हे बाजारगाव. लग्नसराईत सराफाच्या गादीवर जो तो एकच मागणं घेऊन येतो : जुनं मोडायचंय, नवं करायचंय. आजीची बोरमाळ तराजूत जाते, आटणीत वितळते आणि काही दिवसांनी तिचंच गंठण होऊन घरी परत येतं. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा सोन्याचा दागिना साध्या मराठी घरात सहसा सापडत नाही. सोनं जुनं असतं, दागिना मात्र अलीकडचा. टिकला तो घाट. बोरमाळ, ठुशी, जोंधळी पोत, गोठ, पाटली यांची घडण आटणीतून पुन्हा पुन्हा गेली आणि तशीच राहिली. त्याचं श्रेय आपण सोनाराला देतो आणि ते रास्तच आहे. पण मणी गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याचा त्यात अर्धा वाटा आहे, आणि त्याचं नाव दागिन्यांच्या गोष्टीत क्वचितच निघतं.

खरं तर ओवण्याचा पुरावा याच जिल्ह्यात फार जुना आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून उत्खनन केलं. तिथे जोर्वे संस्कृतीच्या काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. (ज्या जोर्व्यावरून या संस्कृतीला नाव मिळालं तेही याच जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यातलं.) तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांतला दोरा पुरता कुजला नव्हता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस आढळला. काळ साधारण इसवी सनपूर्व १५०० ते १०५०. लहानग्याच्या गळ्यासाठी तांबं आणि रेशीम वेचणारं ते घर श्रीमंत होतं की हौशी, हे माती सांगत नाही. माया मात्र सांगते.

पुढे सातवाहनांच्या काळात गोदावरीकाठचं पैठण मण्यांच्या दगडांसाठी समुद्रापलीकडे ठाऊक झालं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीक जातीचा दगड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तिसगावपासून पैठण काही फार लांब नाही.

आता मनगटाकडे येऊ, कारण मण्यांची सगळ्यात हळवी वापरणी तिथे आहे. बाळाच्या मनगट्या घ्या. दोरा मेणातून ओढून घ्यायचा, म्हणजे तो घट्ट होतो आणि टोकही ताठ राहतं. मग दोन काळे मणी, एक पोवळं, जमलं तर सोन्याचा एखादा मणी, असं ओवत जायचं. काही घरांत दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टूही घालतात. शेवटी सरकगाठ. ही गाठ महत्त्वाची. बाळाचं मनगट भरत जातं तशी ती थोडी थोडी सैल करता येते आणि मनगटी न तोडता महिनोन्‌महिने चालते. एवढीशी वस्तू, पण वाढत्या अंगाचा विचार तिच्या रचनेतच आहे.

मोठ्यांच्या हातात पोहोची आणि मोत्यांचे गजरे असत. पेशवाईत मोत्यांची हौस वाढली. तन्मणी, चिंचपेटी, नथ यांच्यासाठी आखातातला बसरा मोती पसंत केला जाई. विसाव्या शतकात जपानी संवर्धित मोत्यांनी आखाताचा धंदा बुडवला आणि बसरा मोती जुन्या पेट्यांत उरला. असा मोती गाठवताना दर मोत्यामागे गाठ मारतात. मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती ओघळतो, बाकीचे जागेवर राहतात. पटवेकऱ्याची बैठक पाहण्यासारखी असते. रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवून तो ताणतो, दोन्ही हात मोकळे ठेवून गोफ विणतो, वर जर गुंडाळून गोंडा बांधतो. बोटांची आणि अंगठ्याची ओढ सारखी राहिली तरच सर सरळ लोंबतो.

आमच्या कोरडवाहू भागाचा घाट मोत्यांचा नव्हे. तो शेताबांधावरून आलेला आहे : बोराएवढा मणी, जोंधळ्याएवढा मणी, जवाएवढा मणी. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्रा ठशात दाबून वाट्या करतात, दोन वाट्या डाख देऊन जोडतात आणि आत लाख भरतात. लाखेमुळे मणी चेपत नाही, आणि थोड्या सोन्यात गळा भरून दिसतो. दुष्काळी मुलखातल्या बाईच्या ऐपतीचा आणि हौसेचा असा मेळ घालणारा दुसरा दागिना मला ठाऊक नाही.

ज्यांना तेवढंही परवडत नव्हतं त्यांच्यासाठी काचेचे मणी होते. तिसगावजवळच्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते. गाढवांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध, आणि भटक्या जमातींची तर ती पंढरीच. सुया, पोत, काळे मणी घेऊन दारोदार फिरणाऱ्या वैदू बायका याच जमातींतल्या. त्यांच्या झोळीनं खेड्यापाड्यांतले गळे आणि मनगटं सजवली. दागिन्यांच्या इतिहासात त्यांना मी सराफाच्या बरोबरीनं बसवीन.

कारागिरांवर मोठा घाव पडला तो १९६३ साली. सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडवायला बंदी केली. हलक्या कसाचं सोनं कडक. ठशाखाली ते पूर्वीसारखं वळेना. अनेक सोनारांनी हातोडी ठेवून दिली. कॅरटची अट पुढे सैल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत निर्बंध राहिलेच.

हल्ली दुकानांत ‘अँटिक पॉलिश’ मागतात. नव्या सोन्यावर काळपट झाक चढवून ते जुनं दिसायला लावतात, आणि त्याच दुकानात खरी जुनी बोरमाळ मोडीत घालतात. हे मला पाहवत नाही. मोडीत हाती पडतं तेही कमीच, कारण तापवून लाख काढली की वजन उतरतं आणि घडणावळीचा पैसा तर कुणीच परत देत नाही. त्याऐवजी माळ गाठवून घ्यावी. दोरा मळून काळा पडला, मण्याच्या तोंडाशी त्याचे तंतू सुटू लागले की वेळ झाली. आधीचा दोरा कापण्यापूर्वी मणी समोर बसून मोजावेत, चेपलेले बाजूला काढावेत, आणि कडक उन्हात किंवा चुलीजवळ माळ ठेवू नये. आतली लाख मऊ होते.